सफारीत वन्यप्राण्यांचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सफारीला निघण्याआधी आणि परतल्यावर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. कॅमेरा आणि लेन्सचे प्रश्न सर्वाधिक येतात म्हणून ते आधी घेतले. पण फोटो खरोखर सुधारतात ते प्राण्याचं वागणं कळायला लागल्यावर. वेळ कमी असेल तर प्रश्न ११ ते १५ आधी वाचा.

१. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. सफारीत काही चांगलं मिळेल का?

मिळेल, फक्त वेगळ्या प्रकारचं. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात पन्नास मीटरवरचा बिबट्या ठिपक्याएवढा दिसतो. झूम ओढत गेलात तर एका टप्प्यानंतर फोन फक्त चित्र कापून मोठं करत असतो. म्हणून रुंद चौकटीत शोभतील असेच विषय शोधा: पाणवठ्यावर उतरलेला हत्तींचा कळप, धुळीच्या पडद्यातून येणारे झेब्रे, एकट्या झाडाखाली सावलीला उभे असलेले जिराफ. बरोबर दुर्बीण असेल तर तिच्या एका भिंगाला मोबाइलची लेन्स नीट टेकवून स्थिर बसलेल्या प्राण्याचा बऱ्यापैकी जवळचा फोटो घेता येतो. थोडा सराव घरीच करा. काही अभयारण्यांत मोबाइल आत न्यायलाच बंदी असते, हे मात्र आधी विचारून घ्या.

२. किती मिलिमीटरची लेन्स लागते?

पहिल्या सफारीसाठी १००–४०० मिमी किंवा १५०–६०० मिमी अशी झूम लेन्स सगळ्यात उपयोगी. सफारीत गाडी कुठे थांबेल आणि प्राणी किती अंतरावर असेल हे आपल्या हातात नसतं. ६०० मिमीची एकच लेन्स घेऊन गेलात आणि हत्ती रस्त्यालगत आला, तर नुसता डोळा आणि सोंडेचा तुकडा हाती लागेल.

मोकळ्या गवताळ मैदानात, म्हणजे आफ्रिकेतल्या सेरेंगेटी किंवा मसाई मारासारख्या ठिकाणी, अंतरं मोठी असतात आणि प्रकाश भरपूर. तिथे लांब लेन्सला वाव आहे. दाट झाडीच्या जंगलात प्राणी बऱ्याचदा जवळच दिसतो, पण प्रकाश कमी असतो. तिथे ७०–२०० मिमी एफ/२.८ सारखी लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि प्रकाश जास्त) पहाटे आणि संध्याकाळी जास्त कामाची ठरते.

क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या ‘फुल फ्रेम’पेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात तीच लेन्स आणखी लांबची वाटते. १.५ क्रॉप असेल तर ४०० मिमी लेन्सची चौकट फुल फ्रेमवरच्या ६०० मिमीएवढी अरुंद होते. टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारं, पल्ला वाढवणारं भिंग) लावायचा असेल तर हिशेब लक्षात ठेवा: १.४ पटीचा एक स्टॉप प्रकाश खातो (म्हणजे प्रकाश निम्मा होतो) आणि २ पटीचा दोन स्टॉप. एफ/६.३ च्या झूमला २ पटीचा कन्व्हर्टर लावून पहाटेच्या जंगलात जाण्यात अर्थ नाही.

३. पैसे मर्यादित आहेत. नवा कॅमेरा घेऊ की नवी लेन्स?

लेन्स. आणि तीही आधी भाड्याने घेऊन वापरून बघा. वजन झेपतंय का, हे दुकानात पाच मिनिटं हातात धरून कळत नाही.

४. गाडीत ट्रायपॉड चालतो का?

उघड्या गाडीत ट्रायपॉडला जागा नसते आणि शेजारच्यांना त्याचा त्रास होतो. त्यापेक्षा बीन बॅग न्या. रिकामी पिशवी घेऊन जायची आणि तिथे पोहोचल्यावर तांदूळ किंवा एखाद्या कडधान्याने भरायची. गाडीच्या कठड्यावर किंवा खिडकीच्या चौकटीवर ठेवली की लेन्स छान बसते. मोनोपॉडही चालतो. पण चालकाला इंजिन बंद करायला सांगितलं नाहीत तर हे सगळं वाया जातं. इंजिनाची थरथर बीन बॅगमधूनही लेन्सपर्यंत पोहोचते. आणि फोटो घेताना गाडीतल्या कुणी जागा बदलू नये, हे आधीच ठरवून ठेवा.

५. निघताना कॅमेरा कोणत्या सेटिंगवर ठेवू?

पहिला प्राणी अचानक समोर येतो आणि त्या क्षणी मेनू उघडायला वेळ नसतो. म्हणून गाडीत बसल्या बसल्या कॅमेरा तयार ठेवा: मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ (प्रकाशासाठीची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो), छिद्र लेन्सला जमेल तेवढं मोठं (एफ/५.६ किंवा एफ/६.३), शटर १/१००० सेकंद, फोकस सतत चालू राहणारा, बर्स्ट (बटण दाबून धरलं की एकामागून एक फोटो) चालू. इथून पुढे परिस्थिती बघून बदल करायचे.

प्राणी बसलेला किंवा स्थिर उभा असेल तर १/५०० किंवा १/२५० पर्यंत खाली या, म्हणजे आयएसओ कमी राहील. पळणाऱ्या प्राण्याला १/२०००, उडणाऱ्या पक्ष्याला १/२५०० किंवा त्याहून वेगवान. गती दाखवायची असेल तर उलट दिशेने जा: १/३० ते १/६० ठेवून प्राण्याबरोबर कॅमेरा एका वेगाने फिरवायचा. यात बहुतेक फोटो फसतात, ते धरूनच करायचं. साधा पोर्ट्रेट हाती आल्यावरच हा प्रयोग करा.

६. आयएसओ ६४०० वर दाणे दिसतात. त्यापेक्षा शटर कमी ठेवलेलं बरं ना?

नाही. दाणे नंतर सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी कमी करता येतात. हललेला फोटो मात्र कशानेही सुधारत नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात आयएसओ वाढवायला कचरू नका. दाण्यांचा खरा त्रास होतो तो फोटो काळोखा काढून नंतर संगणकावर उजळवला की. त्यामुळे उजेड कॅमेऱ्यातच पुरेसा घ्या आणि प्राणी चौकटीत मोठा येईल तेव्हा फोटो घ्या. छोट्याशा तुकड्याला कापून मोठं केलं की दाणेही मोठे होतात.

७. स्क्रीनवर फोटो छान वाटतात, घरी आल्यावर धारदार नसतात. लेन्स खराब आहे का?

बहुतेक वेळा लेन्सचा दोष नसतो. फोटो पूर्ण मोठा करून बघा, दोषाचं कारण त्यातच सापडतं. सगळंच एका दिशेने फराटलेलं असेल तर कॅमेरा हलला आहे. मागचं झाड स्पष्ट आणि प्राण्याचं डोकं किंवा पाय पुसट असेल तर प्राणी हलला आहे, शटर वाढवायला हवं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर रोखतं, हरणाची उडी रोखत नाही. कान किंवा पाठ स्पष्ट आणि डोळा पुसट असेल तर फोकस चुकला आहे (प्रश्न ८).

चौथं कारण फार थोड्यांच्या लक्षात येतं: तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा. वेगवेगळ्या तापमानाच्या थरांमधून येताना प्रकाश वाकडातिकडा होतो आणि दूरचा प्राणी पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो. शटर, फोकस, आयएसओ सगळं बरोबर असूनही फोटो मऊच येतो आणि कितीही महागडी लेन्स इथे उपयोगी पडत नाही. प्राणी जवळ येईपर्यंत थांबायचं किंवा सकाळी लवकर फोटो घ्यायचा, एवढेच दोन उपाय आहेत. बंद गाडीच्या काचेतून किंवा तापलेल्या बॉनेटवरून लेन्स रोखली तरीही असाच परिणाम होतो.

८. फोकस सारखा समोरच्या गवतावर किंवा फांदीवर जातो. काय करू?

नव्या मिररलेस कॅमेऱ्यांतली प्राण्याचा डोळा ओळखणारी फोकस प्रणाली यात खूप मदत करते. पण डोळ्यासमोर गवताची पाती आडवी असतील तर तीही गोंधळते. अशा वेळी पूर्ण चौकट वापरणारा फोकस बंद करून एकच छोटा बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर किंवा डोळ्याजवळच्या एखाद्या ठळक कडेवर ठेवा. तेही जमत नसेल तर मॅन्युअल फोकस. हे दोन्ही बदल एका बटणावर लावून ठेवा आणि डोळे मिटून बोट तिथे जाईल इतका सराव करा. वाघ झुडपातून तोंड बाहेर काढतो तेव्हा बटण शोधायला सवड नसते.

९. गवा राखाडी दिसतो आणि बगळा मळकट. असं का होतं?

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं सरासरी करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. काळ्या गव्याने किंवा अस्वलाने चौकट भरली की तो उजेड वाढवतो आणि काळा रंग फिका पडतो. तिथे एक्स्पोजर कम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) -०.७ ते -१ करा. पांढऱ्या पक्ष्याने चौकट भरली असेल तर उलट, +०.७ च्या आसपास. पण छोटासा पांढरा बगळा गर्द झाडीसमोर असेल तर मीटर झाडी बघून उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं पांढरीफटक होतात. तिथे उणे बाजूलाच जायचं. थोडक्यात, चौकटीत जास्त जागा कोणी व्यापली आहे ते आधी बघा. अति उजेडाने तपशील उडालेल्या पांढऱ्या भागाची सूचना देणारी चमक कॅमेऱ्यात चालू ठेवा.

१०. रॉ की जेपीईजी?

रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल. कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या जेपीईजीत प्रत्येक रंगाचे ८ बिट असतात, रॉमध्ये साधारण १२ ते १४. सावलीतला प्राणी आणि मागे लख्ख ऊन, अशा दृश्यांत हा फरक फोटो वाचवतो. तोटा एकच: लांब बर्स्ट घेतला की कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण भरते आणि नेमक्या क्षणी तो अडखळतो. म्हणून बटण दाबून धरू नका, छोट्या छोट्या झटक्यांत फोटो घ्या.

११. प्राणी दिसला की हात थरथरतात आणि सगळे फोटो सारखेच येतात. क्रम काय ठेवावा?

पहिल्या काही सेकंदांत एक साधा, व्यवस्थित फोटो घ्या, कारण प्राणी कदाचित लगेच निघून जाईल. मग कॅमेरा खाली करा आणि बघा. तो काय करतो आहे? कुठे बघतो आहे? उजेड कोणत्या बाजूने येतो आहे? मागे काय आहे? गाडी दोन हात पुढे घेतली तर मागची चकाकणारी फांदी डोक्याआड जाईल का? बहुतेकांचे फोटो सारखे येतात कारण ते या टप्प्यावर कॅमेरा खाली करत नाहीत.

त्यानंतर चौकट बदला. प्राणी ज्या दिशेला बघतो किंवा चालतो आहे त्या बाजूला मोकळी जागा सोडा. एक फोटो झूम मागे घेऊन, त्याचं जंगल किंवा मैदान दिसेल असा. अशा फोटोत प्राणी चौकटीत लहान येतो, पण तो कुठे जगतो ते कळतं. मला तरी असे फोटो नुसत्या चेहऱ्यापेक्षा जास्त काळ बघावेसे वाटतात. जमेल तितकं खाली बसून फोटो घ्या. गाडीत उभं राहून घेतलेल्या फोटोत मागे जमीनच येते. आसनावर टेकून, कठड्याच्या पातळीवरून घेतला की पार्श्वभूमी दूर जाते आणि मऊ होते.

१२. काहीतरी घडणार आहे हे आधी कसं ओळखायचं? अनुभवी लोकांनी कॅमेरा आधीच उचललेला असतो.

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. ते लोक प्राण्याच्या पुढच्या हालचालीची खूण ओळखतात. या खुणा शिकता येतात.

सिंह आणि वाघ दिवसाचा मोठा भाग झोपलेले असतात. पण एकामागून एक जांभया यायला लागल्या, पंजे चाटणं सुरू झालं, की ते उठण्याची शक्यता वाढते. उठल्यावर ताणून आळस देतात, तो फोटो हमखास मिळतो. वाघ झाडाचं खोड हुंगायला थांबला तर लगेच तयार व्हा. तो शेपटी उभारून फवारा मारेल किंवा ओठ मागे खेचून चेहरा वाकडा करेल, गंधाची पारख करताना तो असं करतो. उन्हाळ्यात पाण्यात बसताना वाघ बऱ्याचदा पाठमोरा, मागचा भाग आधी पाण्यात टेकवत उतरतो. चित्ता वारुळावर किंवा उंचवट्यावर चढून दूरवर बघायला लागला, तर शिकारीचा विचार चालू आहे. आफ्रिकेतले जंगली कुत्रे शिकारीला निघण्याआधी एकमेकांभोवती धावत, चेहरे चाटत एकच गलका करतात. बिबट्या शोधताना झाडाच्या फांद्यांवरून खाली लोंबणारी शेपूट शोधा.

जिराफ पाणी पिताना पुढचे पाय फाकवतो आणि मान झटकन वर घेतो. त्या झटक्याबरोबर पाण्याची धार हवेत वळते. मान वर यायच्या आधीच बर्स्ट सुरू हवा. हत्ती चिखलात किंवा पाण्यात न्हाऊन निघाला की बहुधा अंगावर माती उडवतो, तेव्हा उजेड त्याच्या मागून येईल अशी जागा आधी धरा. शिकारी पक्षी उडण्याआधी विष्ठा टाकतो आणि अंग पुढे झुकवतो. उडताना तो वाऱ्याच्या समोर तोंड करून झेपावतो, म्हणून वारा कुठून येतोय ते माहीत असेल तर तो कुठल्या बाजूला उडेल हेही कळतं.

जंगलात कान डोळ्यांइतकेच कामाचे. चितळाचा तीक्ष्ण कॉल, झाडावरच्या वानराचं खेकसणं आणि सांबराचा दणदणीत आवाज हे सगळे शिकारी जवळ असल्याचे इशारे आहेत. चितळ कधी कधी उगीचही ओरडतं. सांबर सारखं कॉल देत असेल तर जाणकार ते गंभीरपणे घेतात. आफ्रिकेत हेच काम बबून आणि इम्पाला करतात. झेब्रे आणि हरणं सगळीच एका दिशेला तोंड करून स्तब्ध उभी असतील, तर त्यांच्याकडे न बघता ती जिकडे बघताहेत तिकडे बघा.

१३. आमच्यामुळे प्राणी अस्वस्थ झाला आहे हे कसं कळतं?

चरणारा प्राणी चरायचं थांबवून सारखा तुमच्याकडे बघतो, झोपलेला उठून बसतो, कळप पिल्लांना मधे घेतो, चालणारा वाट बदलतो. यातलं काहीही झालं की आपण जास्त जवळ आहोत. त्याने पुन्हा आपलं काम सुरू केलं नाही, तर मागे व्हायचं.

हत्तीच्या बाबतीत हे नीट शिकून घ्या. कान पसरून, डोकं उंच करून समोर उभा राहिला तर तो बहुधा इशारा देतो आहे. एक पाय हवेत झुलवणं, सोंडेने स्वतःचाच चेहरा चाचपणं ही घालमेलीची लक्षणं. कान मागे चिकटवून, सोंड आत घेऊन येणारा हत्ती खरोखर चाल करून येतो आहे. डोळा आणि कान यांच्यामधून द्राव वाहत असेल तर नर मदात आहे, त्याच्यापासून भरपूर अंतर ठेवा. पाणघोड्याने जबडा उघडला की लोक जांभई समजून खुश होतात. ती बऱ्याचदा धमकी असते. सिंहिणीची शेपटी फटकारे मारू लागली आणि कान मागे गेले, तर कॅमेरा खाली ठेवून चालकाला निघायला सांगा. गेंड्याला दिसतं कमी, पण त्याचे कान आणि नाक तीक्ष्ण आहेत, म्हणून त्याच्याजवळ कुजबुजही नको.

टिटवी ओरडत घिरट्या घालत असेल तर जमिनीवर अंडी किंवा पिल्लं आहेत. काही पक्षी पंख मोडल्याचं नाटक करून आपल्याला दूर न्यायला बघतात. तो फोटो मोहात पाडतो, पण त्या पक्ष्याचा प्रत्येक क्षण अंड्यांपासून दूर जातो आहे. निघून जा.

१४. किती जवळ जायचं? ठरलेलं अंतर आहे का?

नियम जागेनुसार बदलतात. भारतातल्या व्याघ्र प्रकल्पांसाठी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वन्यप्राण्यापासून २० मीटरपेक्षा जास्त अंतर राखायला सांगितलं आहे. मसाई मारात २५ मीटर अंतर आणि एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत असा नियम आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात स्वतःची गाडी घेऊन जाता येतं, पण ठरलेल्या ठिकाणांखेरीज गाडीतून उतरायचं नाही.

मीटरचा आकडा ही किमान मर्यादा आहे. प्राणी अस्वस्थ दिसला (प्रश्न १३) तर साठ मीटरही जवळ ठरतात. प्राणी स्वतःहून गाडीजवळ आला, तर इंजिन बंद ठेवून शांत बसा आणि त्याची वाट अडवू नका. वाघ रस्त्याने चालत असेल तर त्याच्यापुढे गाडी आडवी घालून चेहऱ्याचा फोटो घेण्याचा आग्रह चालकाकडे धरू नका. तसं करायला चालक नकार देत असेल तर तो त्याचं काम नीट करतो आहे.

१५. शिकार चालू असताना किंवा पिल्लं असताना फोटो घ्यावेत का?

घ्यावेत, पण जागच्या जागी राहून. शिकारीची तयारी सुरू झाली की गाडी हलवायची नाही. तुमच्या हालचालीने सावज सावध होतं किंवा गाडीआड लपलेल्या शिकाऱ्याला फायदा मिळतो, दोन्ही चूक. चित्त्याला याचा सर्वाधिक त्रास होतो, कारण तो दिवसा शिकार करतो आणि गाड्यांच्या गराड्यात सापडतो. २०१८ मध्ये मसाई मारातल्या एका अभ्यासात दिसलं की जास्त पर्यटक असलेल्या भागात चित्त्याच्या माद्या बरीच कमी पिल्लं वाढवू शकतात. एका बछड्याच्या फोटोसाठी आठ गाड्या तासभर थांबतात तेव्हा हे आठवावं.

गुहा, बीळ, घरटं यांच्या तोंडाशी गाडी लावू नका. घरट्यासमोरची फांदी वाकवून किंवा पानं काढून फोटो घेणं तर अजिबात नको. त्या पानांमुळेच पिल्लं उन्हापासून आणि शिकारी पक्ष्यांपासून वाचलेली असतात.

१६. प्राण्याने कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून शीळ किंवा टिचकी चालेल का? मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावला तर?

दोन्ही नको. शिळेवर वळलेल्या प्राण्याच्या चेहऱ्यावर दचकणं दिसतं, आणि ते फोटोतही दिसतं. थांबलात तर तो कधीतरी आपणहून बघतोच. रेकॉर्ड केलेला आवाज लावला की नर पक्ष्याला आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं वाटतं. मग तो खाणं आणि पिल्लांना भरवणं सोडून त्या न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला शोधत राहतो. अनेक अभयारण्यांत यावर बंदी आहे. बंदी नसेल तिथेही करू नका.

१७. रात्रीच्या सफारीत फ्लॅश वापरू का?

वापरू नका. फ्लॅशच्या फोटोंचा इतिहास मोठा आहे. अमेरिकेत जॉर्ज शायरस यांनी फ्लॅश आणि ताणलेल्या तारा वापरून घेतलेले रात्रीच्या प्राण्यांचे फोटो १९०६ साली नॅशनल जिओग्राफिकमध्ये छापून आले आणि १९२० च्या दशकात वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी भारतात तसेच वाघाचे फोटो घेतले. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. आजचे कॅमेरे गाइडच्या दिव्यात एफ/२.८ आणि आयएसओ ६४०० वर काम भागवतात. बऱ्याच निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परत फेकणारा थर असतो, म्हणून फ्लॅशमध्ये त्यांचे डोळे चमकतात आणि फोटोही विद्रूप दिसतो. दिवा थेट चेहऱ्यावर न रोखता बाजूला धरायला गाइडला सांगा. लाल फिल्टरचा दिवा असेल तर उत्तम. दिवसा दिसणाऱ्या चरणाऱ्या प्राण्यांवर रात्री दिवा मारू नये. त्यांना क्षणभर दिसेनासं होतं आणि शिकारी जवळ असेल तर तेवढा क्षण पुरतो.

१८. सायलेंट शटर वापरलेलं चांगलं ना?

शांत प्राण्यासाठी, हो. पण अनेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एकदम न वाचता ओळीओळीने वाचतं, त्यामुळे वेगाने फडफडणारे पंख वाकडे दिसतात. उडणाऱ्या पक्ष्यांसाठी यांत्रिक शटरवर या.

१९. दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवावा का?

माथ्यावरच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, शिवाय प्रश्न ७ मधली तापलेली हवा. तरी पाणवठे दुपारीच गजबजतात. सावलीतले प्राणी शोधा किंवा कृष्णधवल फोटोचा विचार करून आकार आणि पोत टिपा: हत्तीच्या कातडीच्या सुरकुत्या, झेब्र्यांच्या एकमेकांत मिसळलेल्या पट्ट्या. ढगाळ दिवस तर फुकट घालवूच नका. मऊ उजेडात काळवीट, गवा असे दोन टोकांच्या छटांचे प्राणी सर्वात छान येतात.

२०. धूळ आणि पाऊस यांचं काय करायचं?

उघड्या गाडीत लेन्स बदलू नका. दोन लेन्स लागत असतील तर दोन बॉडी न्या किंवा एकाच झूमवर समाधान माना. चालत्या गाडीत कॅमेऱ्यावर उशीची खोळ किंवा सुती कापड टाकून ठेवा. लेन्सवरची धूळ आधी ब्लोअरने उडवा, कापडाने थेट पुसलीत तर कण काचेवर घासले जातात. रोज रात्री फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्या आणि मगच कार्ड रिकामं करा. विमानाने जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात. त्सेत्से माशी (आफ्रिकेतली चावणारी माशी) असलेल्या भागात गडद निळे आणि काळे कपडे टाळा, त्या रंगांकडे ती खेचली जाते.

२१. ड्रोन नेता येईल का?

बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पक्षी आणि कळप त्याच्या आवाजाने पळतात. सोबत ठेवल्याबद्दलही कारवाई होऊ शकते, म्हणून घरीच ठेवा.

२२. फोटो टाकताना ठिकाण लिहावं का?

उद्यानाचं नाव लिहायला हरकत नाही. नेमका पाणवठा, रस्ता किंवा घरट्याची जागा लिहू नका, आणि ती त्याच दिवशी तर मुळीच नको. चोरट्या शिकाऱ्यांच्या निशाण्यावर असलेल्या गेंड्यांसारख्या प्राण्यांच्या बाबतीत ही खबरदारी सक्तीचीच समजा. मोबाइल आणि काही कॅमेरे फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदवतात. ती नोंद आधीच बंद करा किंवा फोटो टाकण्याआधी काढून टाका.

२३. किती एडिटिंग केलं तर फोटो खोटा होतो?

उजेड, रंग, कॉन्ट्रास्ट, दाणे कमी करणं आणि कडा कापणं याला कुणाचा आक्षेप नसतो. फांदी पुसणं, आकाश बदलणं, दुसऱ्या फोटोतला पक्षी आणून बसवणं हे चित्र म्हणून चालेल, पण ते घडलेलं दृश्य म्हणून दाखवू नका. स्पर्धांमध्ये मूळ रॉ फाइल मागतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २००९ चा पहिला क्रमांक नंतर रद्द झाला, कारण फोटोतला लांडगा पाळीव असावा असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. फोटोत एकही पिक्सेल बदललेला नसला तरी तो कसा मिळवला हे लपवलं तर तो खोटाच. बंदिस्त जागेतला किंवा आमिष ठेवून बोलावलेला प्राणी असेल तर फोटोखाली तसं स्पष्ट लिहा.

२४. वाघ किंवा सिंह दिसलाच नाही तर?

गाइडला निघतानाच सांगा की तुम्हाला पक्षी, हरणं, सरपटणारे प्राणी सगळंच बघायचं आहे आणि उजेड चांगला असेल तिथे थांबायचं आहे. मोठ्या शिकाऱ्याच्या मागे गाडी पळवत राहिलं की सकाळचा सर्वोत्तम तास धुळीत जातो. नीलपंखाची झेप, चितळाच्या नरांची टक्कर, मुंगसाचं कुटुंब यांचे चांगले फोटो वाघाच्या चांगल्या फोटोंपेक्षा कमी बघायला मिळतात, कारण तिथे कुणी थांबत नाही.

२५. जखमी किंवा गळ्यात फास अडकलेला प्राणी दिसला. फोटो घेणं बरं दिसतं का?

इथे फोटो जरूर घ्या. वनविभागाला त्यातून प्राणी ओळखता येतो. वाघाच्या पट्ट्यांची रचना प्रत्येकाची वेगळी असते आणि डावी-उजवी बाजूही सारखी नसते, म्हणून शक्य असेल तर दोन्ही कुशींचे फोटो घ्या. बिबट्या आणि चित्त्याचे ठिपके, झेब्र्याचे पट्टे, सिंहाच्या मिशांच्या मुळाशी असलेले ठिपके, हत्तीच्या कानांच्या फाटलेल्या कडा, या सगळ्यांवरून तो प्राणी नेमका कोणता ते ठरवता येतं. जखमेचा एक जवळचा फोटो आणि आजूबाजूची जागा ओळखू येईल असा एक रुंद फोटो घ्या. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का ते तपासा, कारण वेळेची नोंद महत्त्वाची ठरते. गाडीतून उतरू नका, पाठलाग करू नका. गाइडला सांगून फाटकावरच्या वनकर्मचाऱ्यांकडे फोटो त्याच फेरीत द्या. समाजमाध्यमांवर टाकायचे असतील तर प्राण्यावर उपचार होऊन वनविभागाने हरकत नसल्याचं सांगितल्यानंतर टाका.